एसटीचा पास आणि पाण्याखालचा रस्ता

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सात दिवसांचा एसटीचा पास काढला, आवडेल तिथं फिरायचा, आणि त्यात बघितलं काय, तर बारामती आणि इंदापूर. आमच्या कॉलनीतल्या बायकांनी ह्याच पासावर अष्टविनायक केलं. एकीनं तर गणपतीपुळे ते माहूरगड असा सपाटा लावला आणि परत आल्यावर आठवडाभर तिला पलंगावर पडलं तरी गाडीत बसल्यासारखं वाटत होतं. त्या मला विचारतात, "सिस्टर, तुम्ही कुठं कुठं जाऊन आलात?" मी सांगते. मग त्या एकमेकींकडं बघतात. बघू देत. त्यांच्यापैकी एकीलाही एसटीच्या पासावर होडीत बसायला मिळालेलं नाही. मला मिळालं.

ती हकीकत सांगायची तर आधी कुलपाचं सांगायला पाहिजे.

मी बारामतीत एका दवाखान्यात नर्स. माहेर डाळजचं, भिगवणजवळचं, पुणे-सोलापूर हायवेला लागून. आई तिथं माझ्या धाकट्या भावाकडं, बापूकडं असते. आमचं घर मूळचं मेंढरांचं. घोड्यावर बिऱ्हाड आणि पुढं कळप, असं वर्षातले कितीतरी महिने आईनं पायी काढलेत. पुढं मेंढरं गेली, शेती आली, ऊस आला, बापूनं ट्रॅक्टर घेतला, घराला कंपाउंड घातलं आणि कंपाउंडला लोखंडी फाटक बसवलं.

आदल्या हिवाळ्यात आई कुणाला न सांगता घरातून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. मावशीकडं गेले हुते, म्हणाली. चालत. तेवढ्या वेळात बापूनं निम्मा तालुका पालथा घातला होता आणि विहिरीत गळ टाकून झाला होता. त्या दिवसापासून फाटकाला कुलूप आणि चावी बापूच्या करदोड्याला.

माणूस वाईट नाही तो. घरासमोर हायवे, उसानं भरलेले ट्रक दिवसरात्र धावतात, आईला एका कानानं कमी ऐकू येतं. त्याला भीती वाटायची ती खरीच होती. पण भ्याला हा आणि कोंडलं आईला, हा कुठला न्याय? मी डाळजला गेले की ती ओट्यावर बसून फाटकाकडं बघत असायची. बोलायची काही नाही. ज्या बाईला मी आयुष्यात कधी सलग दोन तास बसलेली पाहिली नव्हती, ती दिवसभर बसायला लागली होती. मी नर्स आहे. माणूस असं बसायला लागलं की पुढं काय होतं, ते मला ठाऊक आहे.

म्हणून मी दोन पास काढले आणि बापूपुढं ठेवले.

"आक्का, तुला याड लागलंय," बापू म्हणाला. "ह्या वयात तिला एसटीनं फिरवतीस?"

"तिच्या पायानं ती तुझ्यापेक्षा जास्त फिरलीय."

बरीच भांडाभांडी झाली. शेवटी तो म्हणाला, "ने. पण एकदा जरी ती चुकली, हरवली, कुणी तिला आणून पोचवायची येळ आली, तर पुन्यांदा ह्यो इषय काढायचा न्हाय. कुलूप राहील."

"आणि न चुकता आपल्या पायानं घरी आली तर?"

त्यानं करदोड्याची चावी चाचपली. मग म्हणाला, "तर चावी तिची."

आई ओट्यावरून ऐकत होती. तिनं लगेच लुगड्याच्या ओच्यात तंबाखूची पिशवी खोचली.

बारामती

पहिला मुक्काम माझ्याच घरी. आईला माझं घर कधीच आवडलेलं नाही. संध्याकाळी ती कॉलनीतून एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "समदी दारं लावून बसल्याती. हितं कुणी कुणाला कोंडलंय?" मी म्हटलं, लोक टीव्ही बघतात. "मग दार उघडं ठिवून बगाया काय हुतंय?"

जेवताना मी नकाशा पुढं घेतला. कोल्हापूर, जोतिबा, जेजुरी, म्हणशील तिथं जाऊ, म्हटलं. ती नकाशाकडं बघेचना. बाजरीच्या भाकरीला शेंगदाण्याची चटणी लावत म्हणाली, "आपल्या वाटंनं जायाचं."

आपली वाट म्हणजे मेंढरांची वाट. नीरा नदीच्या काठानं खाली जायचं, नीरा भीमेला मिळते तिथं वळायचं आणि भीमेच्या पल्याडच्या काठानं वर येत डाळजच्या समोर पोचायचं. तिथं नदीला उतार होता, उन्हाळ्यात मेंढरांच्या पोटाला पाणी लागायचं तेवढाच. तो ओलांडला की घर. ज्या काठानं गेलं त्या काठानं माघारी यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. गेलेल्या काठाचं गवत मेंढरांनी खाल्लेलं असतं, मग परत त्याच वाटेनं आणून त्यांना काय खायला घालणार?

"आये, आपल्याकडं आता मेंढरं कुठायत? आणि डाळजच्या उताराचं तर आता धरण झालंय. उजनीचं पाणी पार घराच्या मागं आलंय."

"मला ठावं न्हाय व्हय? रोज बगते की मी ते पाणी."

"मग ओलांडणार कशी?"

"पास हाय की," ती म्हणाली आणि भाकरी खाऊ लागली.

नीरेच्या काठानं

सकाळी बारामतीच्या स्टँडवर आईनं पास हातात धरला तो दिवसभर खाली ठेवला नाही. कंडक्टर तिच्याजवळ यायच्या आधीच ती तो त्याच्या नाकासमोर नाचवायची. वाचता येत नाही तिला, पण पासावर काय लिहिलंय हे तिनं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. आवडंल तितं. हे दोन शब्द तिला भलतेच पटले होते.

नीरेकाठचा तो मुलूख नुसता हिरवा. दोन्ही बाजूंना ऊस, मधून पाटाचं पाणी, बैलगाड्यांमुळं गाडी सारखी हळू व्हायची. मला सुंदर वाटत होतं. आई मात्र खिडकीतून बघत धुसफुसत होती. समदं एकच पीक, म्हणे, मेंढरानं चरायचं काय? मग एका ठिकाणी ती ताडकन उभी राहिली.

"थांबीव रं गाडी. हितं उतरायचं हाय."

कंडक्टरनं बाहेर बघितलं. तिथं ना गाव ना थांबा. रस्त्याकडेला एक मोठा लिंब, बस्स. "आजी, हितं थांबा न्हाय."

"आवडंल तितं लिवलंय का न्हाय ह्याच्यावर?"

"लिवलंय, पण आवडंल तितं म्हंजे आमाला आवडंल तितं," कंडक्टर म्हणाला. गाडीत हसू पसरलं. पण भला माणूस, त्यानं घंटी मारली. आम्ही लिंबाखाली उतरलो, गाडी निघून गेली आणि मी सामान घेऊन उन्हात उभी. मला खरंच राग आला होता. तोवर आई उसातल्या पायवाटेनं चालूही लागली होती.

वाट एका वस्तीवर गेली. अंगणात एक तरुण सून धुणं वाळत घालत होती. आई सरळ जाऊन ओसरीवर बसली आणि म्हणाली, "पानी दे गं पोरी. तुमच्या रानात आमची मेंढरं बसायची."

सून माझ्याकडं बघायला लागली. तिला काही कळेना. हे मी तुमच्यासाठीही सांगते. पूर्वी शेतकरी मेंढरांचा कळप आपल्या रानात रात्री बसवून घ्यायचे, लेंडीखत मिळावं म्हणून. बदल्यात धनगराला धान्य आणि जेवण. त्यामुळं वाटेवरच्या वस्त्या ही आईची हक्काची घरं होती. पण तिनं इथं शेवटचं पाऊल टाकलं त्यालाही केवढी वर्षं झालेली. मी शरमेनं अर्धी झाले होते.

तेवढ्यात आतून त्या घरातले म्हातारे आले. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी कपाळावर हात धरून आईला न्याहाळलं.

"पांढऱ्या घोडीवाल्या काय?"

"व्हय."

"घोडीवर एक पोर बांधलेली असायची. अख्खी रात लई भोकाड पसरायची बगा. आमच्या घरात कुणाला झोप न्हाय."

"ही काय," आई माझ्याकडं बोट करत म्हणाली. "आता दवाखान्यात लोकांची पोरं रडीवती."

त्या रात्री आम्हाला जाऊ दिलं नाही. हुलग्याचं माडगं आणि गरम भाकरी. माडगं मी कितीतरी वर्षांनी प्यायले, दोन वाट्या, आणि तिसरी मागितली. तात्या म्हणाले, "आता मेंढरं कुणी बसवीत न्हाय. खताच्या पिशव्या येत्याती. पर पिशवीला काय बोलणार? चार गोष्टी सांगत न्हाय, काय न्हाय." आई त्यांच्याशी कितीतरी वेळ बोलत बसली. कोणाची घोडी मेली, कुठली विहीर आटली, कोण कुठं गेलं. घरच्या ओट्यावर मुकी झालेली बाई इथं बोलताना थांबत नव्हती. ते ऐकत मी ओसरीवर आडवी झाले आणि आता बापूचं काहीही ऐकायचं नाही असं पक्कं ठरवून झोपले.

दुसऱ्या दिवशी नरसिंहपूर. इथं नीरा संपते आणि भीमेला मिळते. लोक दर्शनाला येतात, आम्हीही हात जोडले. पण आईला देवळापेक्षा घाट जास्त महत्त्वाचा. ती शेवटच्या पायरीवर जाऊन उभी राहिली, दोन्ही नद्यांचं पाणी बघितलं आणि म्हणाली, "हितनं वळायचं." जणू मागं दोनशे मेंढरं उभी होती. आम्ही वळलो. त्यासाठी गाडी मात्र इंदापूरला बदलावी लागणार होती.

इंदापूर

आता जे घडलं ते कबूल करते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं गोडच झालं.

रात्र नरसिंहपुरात काढून सकाळी इंदापूरच्या स्टँडवर उतरलो आणि दोघी टाकीच्या नळावर पाणी प्यालो. तिला बाकावर बसवून मी टेंभुर्णीची गाडी कधी आहे ते विचारायला खिडकीपाशी गेले. गर्दी होती. परत आले तर बाकावर आई नाही. मुतारीत नाही, चहाच्या गाड्यावर नाही, रसवंतीत नाही. हायवेवर गेले, ट्रक नुसते धडधडत होते, आणि मी धावत स्टँडवर परत आले.

चौकशीच्या खिडकीवरच्या माणसानं मला गाव आणि लुगड्याचा रंग विचारला आणि लगेच भोंग्यावर सांगायला सुरुवात केली. "डाळजच्या म्हातारबाई, हिरवं लुगडं, चुकलेल्या आहेत." त्यानं चांगलंच केलं. पण नेमका त्याच वेळी डाळजचा एक पाव्हणा तिथं गाडीची वाट बघत उभा. त्याच्या कानावर ते गेलं. तो माझ्यापर्यंत आलाच नाही, आधी टेलिफोन बूथवर गेला.

मी पुन्हा धावणार होते. मग लहानपणचं एक आठवलं. वाटेवर कुणी चुकलं, माणूस असो की कोकरू, तर शोधत हिंडायचं नाही. जिथं शेवटचं पाणी एकत्र प्यालो तिथं जाऊन थांबायचं. दोघंही शोधत सुटली की दोघंही चुकतात, हे आईनंच मला सांगितलेलं. मी टाकीपाशी जाऊन सामानावर बसले. एवढं अवघड काम मी दवाखान्यातसुद्धा केलेलं नाही. डोक्यात नाही नाही ते येत होतं. बापू बरोबर होता, मी मूर्ख, हेही मनात येऊन गेलं, आणि ते आल्याचा मला जास्त संताप आला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा अकलूजकडून आलेली एक गाडी लागली आणि तिच्यातून आई उतरली. एका हातात पास, दुसऱ्या हातात हरभऱ्याच्या हिरव्या डहाळ्यांचा भारा. ती सरळ टाकीकडं चालत आली. आधी नळाला तोंड लावून पाणी प्याली. मग माझ्याकडं बघितलं.

"कुठं गेली हुतीस?" मी ओरडून विचारलं.

"गाडी चुकली."

"गाडी चुकली की तू?"

"गाडी. मी चढले तवा तिचं त्वांड भीमेकडं हुतं. मी म्हनलं, हीच आपली. तर ती लबाड मागं सरकली अन् भलतीकडंच वळली. मेंढराचं त्वांड जिकडं तिकडंच मेंढरू जातंय. ह्या गाड्यांचं काय खरं न्हाय."

स्टँडवर गाड्या तोंड फलाटाकडं करून उभ्या राहतात आणि मागं येऊन निघतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही सांगायचं सुचलं नव्हतं.

"मग कळलं कसं?"

"सकाळच्या पारी भीमेकडं निगालं तर ऊन उजव्या गालावर पायजे. हे डाव्यावर आलं. कंडक्टरला म्हनलं, मला माघारीच्या गाडीत बसीव. त्यो म्हनला, आजी, तिकीट? म्या पास दावला. त्येनं नमस्कार केला बग." आणि डहाळे माझ्यापुढं धरले. "नदीच्या पुलापाशी एक बाई इकत हुती. घे, खा. त्वांड वाळलंय तुजं."

मी तिथंच फलाटावर बसून रडले. घाटे सोलून खात खात रडले. लोक बघत होते.

मग बूथवरून बापूला फोन केला. त्यानं पहिल्या घंटीलाच उचलला.

"घावली का?"

"हरवलीच नव्हती. ती आपली आपण आली."

"भोंग्यावर पुकारलं आक्का. अख्ख्या स्टँडनं ऐकलं. पैज संपली. हायवेची पहिली गाडी धरा, मी फाटकापाशी हुभा राहतो अन् उतरून घेतो."

मी आईकडं बघितलं. तिला अर्धं ऐकू आलं होतं, पण तेवढं पुरेसं होतं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, उलटा धरला, मी सरळ केला.

"बापू," ती म्हणाली, "मी काय पोतं हाय का उतरून घ्यायाला? म्या चुकले हुते का आले हुते ते इचार तुज्या बहिणीला. अन् ह्या काठानं मी येणार न्हाय."

फोन ठेवून दिला. इंदापूरहून डाळज हायवेनं तासाभरावर. पण तो काठ चरलेला होता आणि त्या काठावर बापू उभा होता. आम्ही माझ्या एका मैत्रिणीच्या घरी मुक्काम केला आणि पहाटे टेंभुर्णीची गाडी धरली. आईनं चढायच्या आधी ड्रायव्हरला विचारून घेतलं, "मागं सरकून कुठं वळणार हायेस?"

पल्याड

टेंभुर्णीहून करमाळा, करमाळ्याहून पाण्याकाठच्या एका खेड्यात जाणारी गाडी. शेवटी शेवटी गाडीत आम्ही, ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक दुधाचे कॅन घेतलेला माणूस. रस्ता पाण्यात जाऊन संपला. खरंच संपला. डांबर उतरत उतरत पाण्याखाली गेलं होतं आणि त्याच्या कडेला होडी बांधलेली.

उजनीचं पाणी तुम्ही हायवेवरून बघितलं असेल, भिगवणला मासे खायला थांबता तेव्हा. तिकडून ते पाणी दिसतं. इकडून, पल्याडून बघितलं तर नुसता विस्तार. उथळ कडेला रोहित पक्ष्यांची रांग, गुलाबी, पाण्यात माना घालून चाललेली. मधूनच वाळलेल्या बाभळींचे काळे खुंट वर आलेले. पार पलीकडं एक बारीक रेघ, त्यावरून मुंगीएवढे ट्रक सरकत होते. आईनं त्या रेघेवर बोट ठेवलं. "त्यो आपला ऊस. त्याच्या त्या अंगाला आपलं घर."

होडीवाला चाळिशीचा, दाढी वाढलेला, बिडी ओढत बसला होता. नाव शिवा. आधीच दोन बायका आणि एक सायकल होडीत होती.

"डाळजला सोडशील का?" मी विचारलं.

"डाळजला धक्का न्हाय. पलीकडं नेहमीच्या जागी सोडीन."

"डाळजलाच सोडायचं," आई म्हणाली आणि पास काढून त्याच्यापुढं धरला.

शिवानं पास उलटापालटा केला. मग मोठ्यानं हसला. "आजी, ही एसटी न्हाय. होडी हाय."

मी पर्समध्ये हात घातला. आईनं तो हात धरला. "घालू नको. पास चालतोय हितं."

"कसा चालतोय?" शिवानं विचारलं. त्यालाही आता मजा वाटायला लागली होती. होडीतल्या बायका पुढं सरकल्या.

"ह्यो रस्ता हितं पाण्यात गेला. कुठं गेला? डाळजच्या उताराला गेला. त्याच्यावरनं एसटी चालायची. उन्हाळ्यात उतारातनं पार व्हायची. म्या त्या गाडीनं बाजाराला गेलीया. रस्ता वर अस्ता तर तू मला हितं अडवला अस्तास? रस्ता खाली बसला ह्यात माजी काय चूक?"

"रस्ता गेला आजी. आता पाणी हाय."

"गेला न्हाय. खाली हाय. दावू?" आई पाण्याच्या काठाशी गेली. "त्यो खुंट दिसतोय, दोन फाट्यांचा? त्याच्या डाव्या अंगानं जायाचं. मग एक वळण. मग दगड, मैलाचा, पांढरा. तितनं सरळ."

शिवाचं हसू थांबलं. त्यानं बिडी पाण्यात टाकली. "दगडाचं कुणी सांगितलं तुमाला?"

"कोण सांगतंय? त्याच्यावर बसून म्या ह्या आक्कीला दूध पाजलंय."

"तितं माजं जाळं अडकतंय," शिवा हळू आवाजात म्हणाला. "कायम तितंच. मला वाटायचं झाडाचं खोड आसंल. दोन जाळी फाटली." तो थोडा वेळ त्या दोन फाट्यांच्या खुंटाकडं बघत राहिला. मग पास परत आईच्या हातात दिला आणि बाजूला सरकून जागा केली. "बसा. पर रस्ता तुमी दावायचा."

मग काय. आई होडीच्या टोकाला बसली, पास मुठीत, आणि नावाड्याला रस्ता सांगत आम्ही पाण्यावरून निघालो. "डावीकडं घे. आता वळण. हितं एक चिंच हुती, गाडी थांबायची. हितं शाळा." बायका पाण्यात वाकून बघायला लागल्या. खाली काहीच दिसत नव्हतं, हिरवट गढूळ पाणी फक्त. मीही बघितलं. त्या शाळेत मी दोन वर्षं होते. तिची घंटा एका रुळाच्या तुकड्याची होती. एवढंच आठवलं. आमचं जुनं गाव, रस्ता, उतार सगळं पाण्यात गेलं, आमची मेंढरं गेली, तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मग आता पास चालतो की नाही, हे आम्ही कुणाला कशाला विचारावं?

दगडापाशी शिवानं वल्हं उभं खाली घातलं. ठक्क आवाज आला. त्यानं आईकडं बघून मान हलवली. आई म्हणाली, "सांगितलं न्हवं?"

डाळज

घराच्या मागं कंपाउंड नाही. कशाला असेल? तिकडं पाणीच आहे, असं बापूनं बांधताना म्हटलं होतं. होडी गाळात रुतली तशी आई उतरली. तिची एक चप्पल गाळानं ओढून घेतली, तिनं दुसरी शिवाला दिली. "एक घिऊन मी काय करू? जाळ्यात दुसरी घावली तर जोडी हुईल तुला." मग उसाच्या बांधावरून अनवाणी, सावकाश, कुणाचा हात न धरता घरापर्यंत आली. मी मागून सामान घेऊन. मोरीपाशी तिनं पाय धुतले, मागच्या दारानं घरात शिरली आणि पुढच्या दारानं ओट्यावर आली.

बापू फाटकापाशी उभा होता. पाठ आमच्याकडं, तोंड हायवेकडं. प्रत्येक एसटी दिसली की तो टाचा उंचावायचा. सकाळपासून तिथंच असावा, दाढीही केली नव्हती. फाटकाला कुलूप तसंच होतं. मला एकदम त्याची दया आली. लहानपणी आई बाजाराला गेली की तो असाच रस्त्याकडं तोंड करून उभा राहायचा.

आई ओट्यावर नेहमीच्या जागी बसली, तंबाखूची पिशवी काढली, चुना लावून चिमूट मळली आणि म्हणाली, "कुणाची वाट बगतुयास रं?"

बापू इतका दचकला की फाटकाला धडकला. वळून आमच्याकडं बघत राहिला. मग कुलूप हातात घेऊन ओढून पाहिलं. बंदच होतं.

"कुठनं आलीस?"

"वाटंनं."

"कुठल्या वाटंनं? मी हितंच हाय की सकाळपास्नं."

"ह्या अंगाला हायेस तू. मी त्या अंगानं आले." तिनं अंगठ्यानं मागं दाखवलं. "तितं कुठं लावतुयास कुलूप, ते सांग आता."

बापू घरात गेला, मागच्या दारातून पाण्याकडं बघून आला. शिवाची होडी अजून दिसत होती. तो आईजवळ येऊन ओट्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "आये, मला वाटलं तू पाण्यात गेलीस."

"गेले हुते की. वरनं," आई म्हणाली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानं करदोड्याची चावी सोडली. गाठ घट्ट बसली होती, दातानं सोडवावी लागली. ती त्यानं आईच्या पदराच्या टोकाला बांधली. मी मुद्दाम दुसरीकडं बघत होते, कारण बापू रडायला लागला की मलाही आवरत नाही.

सकाळी मला जाग आली तेव्हा फाटक सताड उघडं होतं. बाहेर रस्त्याच्या कडेला आई उभी. डोक्यावर पदर, हातात पास, आणि शेजारी बापू तिची पिशवी धरून, येणाऱ्या ट्रकांवर डोळा ठेवून. तिच्या पायात बापूच्या चपला होत्या.

"आक्के," तिनं ओरडून विचारलं, "पास संपला का गं?"

"न्हाय. अजून दिस हायत."

"मग बसलीस का?"